धुतलेल्या मिठाची आठवण

मराठी आत्मचरित्रांत ‘स्मृतिचित्रे’चे स्थान अढळ आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८-१९३६) या पुस्तकात एका स्त्रीच्या मनातील स्थित्यंतर स्वयंपाकघरातून उलगडत जाते.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही कन्या. १८५७च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि वडिलांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात घेतला जात नसे. मीठसुद्धा त्यातून सुटले नाही.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह पुढे कवी म्हणून ख्याती पावलेल्या नारायण वामन टिळकांशी झाला. १८९५मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नाही. नवराबायको पुन्हा एकत्र आले होते, पण चुली दोन होत्या.

टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केले, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचाराने उमगले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरी पोरक्या मुलांचीही पाने मांडली जाऊ लागली.

उतारवयात या आठवणी लिहिताना त्यांनी वडिलांच्या सोवळ्याची थट्टा केली, तिरस्कार केला नाही. सोडून दिलेल्या आचाराविषयीही मनात कडवटपणा उरू नये, हे त्या चुलीपालटापेक्षाही कठीण होते. लक्ष्मीबाईंना ते साधले.