न पाहिलेल्या गाडीचा शिल्पकार

2008 च्या मे महिन्यात उज्जैनला जाण्याचा योग आला. माझे मामेभाऊ तेथेच स्थायिक झालेले आहेत. त्यांच्या डिझेलवर चालणाऱ्या इंडिका गाडीतून आम्ही पाच जण महाकालाचे दर्शन घेऊन क्षिप्राकाठच्या जिवाजी वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा. धातूची लहान यंत्रे झिजतात आणि वेध चुकतात, हे ध्यानात आल्यावर या राजाने दगडचुन्याची भव्य यंत्रे उभारली. सम्राट यंत्राच्या सावलीत उभा राहून मी ही माहिती मोठ्या ऐटीत दादांना सांगितली.

परतताना दादांनी सहज विचारले, की मग ही गाडी कोणी बांधली? टाटांनी, असे मी म्हणालो. टाटांनी भांडवल घातले असेल, पण गाडी कागदावर काढणारी माणसे कोणी घडवली, असा त्यांचा पुढचा प्रश्न. मी निरुत्तर झालो. तीनशे वर्षांपूर्वीचा राजा मला ठाऊक होता. पुण्यात आयुष्याचे सार्थक केलेला आपला इंजिनिअर ठाऊक नव्हता. घरी आल्यावर ग्रंथालयात बसून मी त्याची हकिकत जुळवली. त्याचे नाव सुमंत मुळगावकर.

मुळगावकरांचा जन्म 1906 साली मुंबईत झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि सिमेंटच्या धंद्यात शिरले. 1949 मध्ये ते टेल्कोत आले, तेव्हा जमशेदपूरची ही कंपनी रेल्वे इंजिनांच्या कामात होती. 1954 साली तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि डिझेल ट्रक बांधावयास सुरुवात केली. एकेक भाग येथे तयार होऊ लागला. परंतु उसन्या आराखड्याची एक मर्यादा असते. त्याबरहुकूम वस्तू बनवता येते; ती का चुकली हे मात्र मूळ आराखडा करणाऱ्यालाच विचारावे लागते.

मुळगावकरांना हे पुरते उमगले होते. करार 1969 मध्ये संपावयाचा होता. त्यापूर्वीच, 1966 साली, त्यांनी पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या माळावर नव्या कामाचा पाया घातला. तेथे प्रथम ट्रक निघाला नाही. झाडे लावली गेली, तळे झाले, उमेदवारांना शिक्षण देणारी शाळा निघाली. यंत्रे बनवणारी यंत्रे, पत्र्याला आकार देणारे साचे आणि संशोधन केंद्र, असा क्रम होता. पुण्याहून पहिले वाहन बाहेर पडले ते 1977 साली. अकरा वर्षे! बाहेरून पाहणाऱ्यास हा सारा खर्च वांझ वाटावा. पण मुळगावकर यंत्रांबरोबर हात आणि डोळे तयार करीत होते.

आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना एक प्रसंग जवळचा वाटेल. 1974 साली स्त्रियांनी अर्ज करू नयेत अशी टेल्कोची जाहिरात वाचून थेट जे. आर. डी. टाटांना पत्र धाडणारी हुबळीची सुधा कुलकर्णी, म्हणजेच पुढील सुधा मूर्ती, याच कंपनीत इंजिनिअर झाली. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मुळगावकरच होते.

1986 साली 407 हा हलका ट्रक निघाला. त्या काळी अनेक भारतीय कंपन्या जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून हलके ट्रक आणत होत्या; टेल्कोने मात्र आपला आराखडा घरीच केला आणि तो बाजारात टिकला. 1988 मध्ये मुळगावकरांनी अध्यक्षपद रतन टाटांकडे सोपवले. 1989 साली ते निवर्तले. 1994 च्या सुमो गाडीच्या नावात त्यांच्या नावाआडनावांची आद्याक्षरे आहेत, हेही मला त्या वाचनातूनच कळले.

इंडिका त्यांनी पाहिली नाही. ती 1998 साली दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. घरगुती लहान गाडीत डिझेल इंजिन बसवणे सोपे नव्हे. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबावी लागते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. त्यामुळे इंजिन जाड व जड होते, थरथर आणि आवाज वाढतो. ते 1405 घनसेंटिमीटरचे इंजिन आखूड बॉनेटखाली आडवे बसवून पुढची चाके फिरवली, म्हणजे मागे माणसांना आणि सामानाला जागा उरली. बाह्यरूपासाठी इटलीतील आरेखनसंस्थेचे साहाय्य घेतले होते, हे लपवण्याचे कारण नाही.

आणि ही गाडी प्रथम निर्दोषही नव्हती. गिऱ्हाइकांनी पुष्कळ तक्रारी केल्या. पुण्याचे इंजिनिअर त्या तक्रारींवर बसले आणि 2001 साली सुधारलेली इंडिका व्ही-टू आली, ती लोकांनी उचलून धरली. परवानगी मागण्यासाठी कोणा परक्याचे दार ठोठवावे लागले नाही. स्वतःची चूक स्वतः शोधून दुरुस्त करण्याची ही ऐपत मला गाडीहून मोठी वाटते. माळावर झाडे लावणाऱ्या माणसाने खरे पेरले होते ते हेच.

2018 मध्ये इंडिकाचे उत्पादन थांबले. दादांनीही गाडी विकली. पण आमच्या कॉलेजच्या कर्मशाळेत एखादा विद्यार्थी कानसीने लोखंड घासताना कंटाळून, तयार भाग मिळत असता हे कशाला, असे विचारतो, तेव्हा उज्जैनच्या त्या प्रश्नापुढे निरुत्तर झालेला मी, त्याला पुण्याच्या माळावरची ती अकरा वर्षे सांगतो.