हापसा, तेलविहीर आणि हूक

भोकरकडे हापशाची सळई तुटली की अख्खी गल्ली पाण्यासाठी खोळंबते. गुजरातमध्ये मेहसाण्याच्या तेलविहिरींत अशाच सळया शेकडो मीटर खोल लोंबत असतात. पंप वर-खाली होताना त्यांच्यावर किती भार येतो, ते वर बसवलेलं यंत्र मोजतं. त्याचा आलेख बघून इंजिनिअर खालचा बिघाड ओळखतात. या मोजणीच्या मुळाशी आहे अकरावीत आपण घोकलेला हूकचा नियम. पण हा हूक होता तरी कोण?

रॉबर्ट हूक जन्मला १८ जुलै १६३५ ला, इंग्लंडच्या वाइट बेटावर. तब्येत नाजूक, तेराव्या वर्षी वडील गेले. पुढे ऑक्सफर्डला तो रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला आणि त्याच्यासाठी हवा उपसणारा पंप बनवला. १६६२ मध्ये रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवायचं काम मिळालं. १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ने जीवशास्त्राला ‘सेल’ हा शब्द दिला.

स्प्रिंगवर वजन दुप्पट टाकलं, की ती ताणतेही दुप्पट. श्रेय कुणी पळवू नये म्हणून हा नियम त्याने १६७६ मध्ये अक्षरं उलटसुलट करून कोड्यासारखा छापला. उत्तर सांगितलं थेट १६७८ मध्ये!

गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून न्यूटनशी त्याचं चांगलंच वाजलं. ३ मार्च १७०३ ला हूक गेला आणि त्याच वर्षी न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं एकही चित्र आज उरलेलं नाही. पण तेलविहिरीवरचं यंत्र अजून त्याच्याच हिशेबाने चालतं: धातू किती दबला, त्यावरून भार किती, ते कळतं.