मृगाचा बर्फ

आमच्या ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्याची ओळख बाहेरच्यांना करून द्यावी लागत नाही. मे महिन्यात येथील पारा 46-47 अंशांवर चढतो आणि वर्तमानपत्रात गावाचे नाव छापून येते. वैनगंगेच्या पात्रात वाळू उरते, तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपत येतो आणि धानाचा शेतकरी बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून आभाळ न्याहाळू लागतो. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो. मृगाचे पाणी पडले की पऱ्हे टाकायचे. साऱ्या झाडीपट्टीचे वर्ष या एका पावसावर टांगलेले असते. अशा गावात बसून बर्फाविषयी लिहिणे म्हणजे वाचकांची थट्टाच वाटेल. पण ज्या मृगाची आपण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, त्याच मृगाच्या धास्तीने एक माणूस हिमालयात तीनदा घाईला आला. त्याची ही हकीकत आहे. त्याचे नाव जॉर्ज मॅलरी.

हा विषय सुचण्यास एक निमित्त झाले. मे 2018 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्या वेळी एक साधा प्रश्न मनात आला होता. चढाई मे महिन्यातच का करतात? जूनमध्ये ऊन आणखी असेल, थंडी आणखी कमी असेल. मग तेव्हा का नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मॅलरीपाशी येऊन थांबलो.

मॅलरीचा जन्म 18 जून 1886 रोजी इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील मॉबर्ली गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. पोराला लहानपणापासून उंचावर चढण्याचा नाद. गणिताची शिष्यवृत्ती मिळवून तो विंचेस्टरच्या शाळेत गेला आणि तेथील एका शिक्षकाने 1904 साली त्याला आल्प्स पर्वतात नेले. पुढे केंब्रिजच्या मॅग्डलीन कॉलेजात त्याने इतिहासाचा अभ्यास केला. सॅम्युअल जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल याच्यावर त्याचे एक पुस्तक 1912 साली निघाले. गिर्यारोहणाचे लोक बहुधा या पुस्तकाचा उल्लेखही करीत नाहीत. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी मात्र तो मुद्दाम करावा! कारण हा मनुष्य मुळात आपल्याच पंक्तीतला. गिर्यारोहण ही कलाच आहे आणि डोंगरातला एक दिवस एखाद्या सिंफनीसारखा असतो, असे त्याने लिहून ठेवले आहे.

1910 मध्ये तो चार्टरहाउस शाळेत शिक्षक झाला. शिस्त लावणे त्याला फारसे जमत नसे. मुलांशी बरोबरीच्या नात्याने वागण्याकडे त्याचा ओढा होता. पुढे कवी व कादंबरीकार म्हणून गाजलेला रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज हा त्याचा विद्यार्थी. 29 जुलै 1914 रोजी रूथ टर्नर हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि आठवडाभरात इंग्लंड महायुद्धात उतरले. मॅलरी तोफखान्यात भरती झाला, सोमच्या रणांगणावर लढला आणि जिवंत परत आला. दोन मुली व एक मुलगा असा त्याचा संसार होता.

1921 साली तिबेटमार्गे एव्हरेस्टची पहिली पाहणी करण्यासाठी तुकडी निघाली, तीत मॅलरी होता. शिखराच्या पायथ्यापर्यंतची वाटसुद्धा तोवर कोणास ठाऊक नव्हती. महिनोन्‌महिने हिंडून अखेर 24 सप्टेंबरला तो नॉर्थ कोल या सुमारे 23,000 फूट उंचीच्या खिंडीवर पोहोचला. या मोहिमेतील एक गोष्ट त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकते. छायाचित्रे घेण्यासाठी दिलेल्या काचा त्याने कॅमेऱ्यात उलट्या घातल्या आणि ढीगभर मेहनत पाण्यात गेली. दोरावर आणि खडकावर मांजराच्या पावलांनी चालणारा हा माणूस रोजच्या वस्तूंच्या बाबतीत कमालीचा विसराळू होता.

आता त्या बर्फाकडे वळू.

हिवाळ्यात आणि वसंतात एव्हरेस्टच्या माथ्यावरून पश्चिमेचा भयंकर वारा वाहत असतो. तो कड्यांवरचा बर्फ झाडून काढतो. म्हणून वरचा खडक बराचसा उघडा राहतो. मे महिन्याच्या मध्यास हा वरचा वारा उत्तरेकडे सरकतो आणि काही दिवस शांतता लाभते. जुना बर्फ रात्री गोठून टणक झालेला असतो, त्यावर बुटाचे खिळे नीट धरतात. शिखर चढण्याचे दिवस ते हेच. मग बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येऊन थडकते. आपल्याकडे ती पाऊस होऊन पडते, तेथे हिम होऊन. म्हणजे ऊन वाढते पण वाट बिघडते.

आणि ती कशी बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे. गुळगुळीत जुन्या भिंतीवर चुन्याचा जाड थर दिला तर तो वरून छान दिसतो. पण आत धरलेला नसतो. एक दिवस बोट लागले की सबंध पापुद्रा एकदम निसटतो. जुन्या गोठलेल्या बर्फावर जूनमधला नवा हिमाचा थर असाच बसतो. आल्प्समध्ये जुना अनुभव असा होता, की नवे हिम पडल्यावर एकदोन दिवस ऊन खाऊ द्यावे. ते खचून घट्ट होते आणि मग चालावे. हिमालयाच्या त्या उंचीवर हा हिशेब लागू पडत नाही. दिवसा वरचा थर नरमतो, रात्री कडाक्याने गोठतो, पण खालचा सांधा जुळतोच असे नाही. त्यातून नॉर्थ कोलचा चढ पूर्वेकडे तोंड करून आहे. पश्चिमेच्या वाऱ्याने उडवून आणलेले हिम त्याच्याच आडोशाला साचते आणि सकाळचे पहिले ऊनही त्याच्यावरच पडते.

1922 साली जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली दुसरी तुकडी गेली. 21 मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल कृत्रिम प्राणवायूशिवाय 26,985 फुटांवर पोहोचले; तेवढ्या उंचीवर तोपर्यंत कोणीच चढले नव्हते. उतरताना नव्या हिमावर एकाचा पाय घसरला आणि दोराला बांधलेले तिघे खाली ओढले गेले. मॅलरीने क्षणात बर्फाची कुऱ्हाड रोवली, तिला दोराचा वेढा दिला आणि तिघांचा भार तोलून धरला. पुढे 27 मे रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायू घेऊन सुमारे 27,300 फुटांपर्यंत गेले. वास्तविक येथे थांबायला हरकत नव्हती. पण मृग दाराशी आला होता आणि एक प्रयत्न आणखी करावा असे ठरले. बर्फाची ज्याला उत्तम पारख होती तो फिंच थकून परतला. उरलेल्यांत मॅलरी हाच पुढारी होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जोरदार हिम पडले. मग आभाळ निवळले. ठरलेल्या समजुतीप्रमाणे थोडे ऊन खाऊ देऊन 7 जूनच्या सकाळी मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि चौदा शेर्पा नॉर्थ कोलच्या चढावर निघाले. खालच्या सर्वांत उभ्या जागी त्यांनी मुद्दाम पाय आपटून, खणून उतार हलतो का ते पाहिले. हलला नाही. तेव्हा वरचा भाग तुलनेने सोपा म्हणून मनातली शंका गेली. गुडघाभर हिमातून चार दोर वर सरकत होते. दुपारी दीडच्या सुमारास, खिंड सुमारे सहाशे फुटांवर असताना, सुरुंग फुटावा तसा आवाज झाला आणि पायाखालचा सबंध उतार चालू लागला. पुढचा दोर थोडा घसरून थांबला, त्यामागचाही कसाबसा वाचला. शेवटच्या दोन दोरांवरचे नऊ जण बर्फाच्या कड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. खणून दोघांना जिवंत काढता आले. सात जण गेले.

त्यांची नावे नोर्बू, ल्हाक्पा, पासांग, पेमा, सांगे, दोर्जे आणि तेंबा अशी आहेत. मॅलरीवरच्या लेखांत ती बहुधा येत नाहीत. केवळ सात हमाल असे लिहून लेखक पुढे जातात. म्हणून येथे दिली. नातलगांच्या इच्छेप्रमाणे मृतांना तेथेच ठेवण्यात आले आणि खालच्या तळावर त्यांच्यासाठी दगडांची एक रास रचली गेली.

दोष कोणाचा? मोहिमेतीलच लाँगस्टाफ यांनी खाजगीत मॅलरीच्या बर्फाच्या ज्ञानावर कठोर ठपका ठेवला. मॅलरीने स्वतः पत्नीला आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून जबाबदारी आपल्याकडे घेतली. ज्यांना डोंगराचे धोके समजत नव्हते ते आपल्या भरवशावर आले होते, हे त्याला डाचत होते. सॉमरवेलच्या मनाला तर ही गोष्ट कायमची लागून राहिली की मरणाऱ्यांत एकही गोरा नव्हता. हा सॉमरवेल शल्यवैद्य होता. त्याने पुढे त्रावणकोरातील नेय्यूर येथे वर्षानुवर्षे गोरगरिबांवर शस्त्रक्रिया केल्या.

माझे मत विचाराल तर मॅलरीला बेफिकीर म्हणता येणार नाही. त्याने उतार तपासला होता. चुकली ती कसोटी. एका पर्वतात शिकलेला धडा त्याने दुसऱ्या पर्वतावर जशाचा तसा लावला. मात्र या चुकीची किंमत त्याने भरली नाही, दुसऱ्यांनी भरली, हेही तितकेच खरे.

1923 मध्ये तो अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेला. एव्हरेस्ट का चढायचे या प्रश्नाला त्याने दिलेले म्हणून जे तीन शब्दांचे इंग्रजी उत्तर जगभर प्रसिद्ध आहे, ते या दौऱ्यातले. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठात कामगार वगैरे प्रौढ विद्यार्थ्यांना शिकविण्याची नोकरी त्याला मिळाली. ती त्याच्या मनासारखी होती. पण 1924 चे बोलावणे आले आणि मार्च महिन्यात तो बोटीने मुंबईस उतरला.

त्या वर्षी मे महिन्यातच हिमवादळांनी तुकडीला सळो की पळो करून सोडले. 23 मे रोजी नॉर्थ कोलवरून बाकीचे उतरले, पण नव्या हिमाला बिचकून चार शेर्पा वरच राहिले. उतार तोच, हिम तसेच, आणि खोकल्याने व थकव्याने सगळे जर्जर झालेले. शिखराचा प्रयत्न बुडाला तरी चालेल पण हे चौघे खाली आलेच पाहिजेत, असे नॉर्टनने ठरविले. 24 मे रोजी नॉर्टन, सॉमरवेल आणि मॅलरी वर गेले. शेवटच्या धोक्याच्या पट्ट्यात सॉमरवेल लांब दोर बांधून आडवा सरकत गेला; शेर्पा काही हातांवर राहिले आणि दोर संपला! दोघे कसेबसे त्याच्यापर्यंत आले. उरलेले दोघे अधीर होऊन एकदम निघाले आणि त्यांच्या पायाखालचे हिम घसरले. दैवाने ते थोड्या अंतरावर थांबले. सॉमरवेलने कंबरेचा दोर सोडला, कुऱ्हाडीला अडकवला आणि हात लांबवून एकेकाला मानेपाशी धरून ओढून घेतले. नॉर्टन आणि मॅलरी पलीकडे दोर सांभाळून उभे होते. अंधार पडल्यावर सातही जण खाली आले. दोन वर्षांपूर्वीचे सात आणि आजचे सात. मॅलरीच्या मनात ही बेरीज आली असेल का?

मला तरी त्याच्या चरित्रातला हाच दिवस मोठा वाटतो. लोक मात्र पंधरा दिवसांनंतरचा दिवस आठवतात.

4 जूनला नॉर्टन प्राणवायूशिवाय 28,126 फुटांवर जाऊन परतला. मृग लागायच्या आत आणखी एकच संधी होती. मॅलरीने बावीस वर्षांच्या अँड्र्यू अर्विनला बरोबर घेतले. 8 जून रोजी दुपारी 12 वाजून 50 मिनिटांनी ढग क्षणभर फाकले, तेव्हा मागून येणाऱ्या ओडेलला कड्यावर दोन काळे ठिपके वर सरकताना दिसले. पुन्हा ढग मिटले. दोनच्या सुमारास हिमाची जोरदार सर आली. ते दोघे परतले नाहीत. तळावर त्या दिवसांत हवेच्या दाबाची नोंद होत होती. 2010 साली शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा दाब फार घसरला होता असे आढळले. म्हणजे ओडेलला वाटली त्यापेक्षा ती सर पुष्कळ मोठ्या वादळाची असावी. मॅलरीला अडतीसावे पूर्ण व्हायला दहा दिवस कमी होते.

त्याचा धाकटा भाऊ ट्रॅफर्ड विमानदलात एअर चीफ मार्शल झाला. आशियातील नव्या जागेवर रुजू होण्यासाठी निघाला असता नोव्हेंबर 1944 मध्ये त्याचे विमान आल्प्समध्ये कोसळले, आणि 1945 च्या उन्हाळ्यात बर्फ वितळला तेव्हा ते सापडले. एका घरातले दोन भाऊ, दोन पर्वत.

1933 साली वरच्या कड्यावर अर्विनची कुऱ्हाड मिळाली. मॅलरीसाठी मात्र 1999 उजाडावे लागले. त्या वर्षी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस हिम फारच कमी होते, खडक उघडे पडले होते. 1 मे रोजी सुमारे 26,750 फुटांवर शोधपथकाला तो पालथा पडलेला आढळला. उजवा पाय मोडलेला, कंबरेभोवती दोराचा वळ. गॉगल खिशात होता, म्हणजे पडला तेव्हा बहुधा अंधार किंवा वादळ असावे. बरोबर पत्रे होती. एका पाकिटावर प्राणवायूच्या नळकांड्यांचे आकडे त्याच्या हस्ताक्षरात टिपलेले होते. शिखरावर ठेवायला नेलेला रूथचा फोटो मिळाला नाही, कॅमेराही मिळाला नाही. शोधपथकाने प्रार्थना म्हणून त्याच्यावर दगड रचले. 2024 च्या सप्टेंबरमध्ये, त्या दोघांना जाऊन शंभर वर्षे झाल्यावर, खालच्या रोंगबुक हिमनदीत एक बूट वर आला. आतल्या मोज्यावर अर्विनचे नाव शिवलेले होते.