घोडा, उंट आणि काकासाहेब दांडेकर

डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळून कितीतरी वर्षे लोटली, तरी जुने रहिवासी त्याला डिलाईल रोडच म्हणतात. येथील वह्या-पुस्तकांच्या कोणत्याही दुकानात रंगपेटी मागावी, तर उंटाचे चित्र असलेली डबी हमखास पुढे येते. हा उंट चाळीतल्या बालवाडीच्या मुलालाही ओळखता येतो. तो बाजारात आणणाऱ्या दिगंबर परशुराम तथा काकासाहेब दांडेकर यांचे नाव मात्र आज सांगावे लागते.

या विस्मृतीला काही अंशी काकासाहेबांची व्यापारी दृष्टीच कारणीभूत आहे. लेखनसाहित्याच्या धंद्यातील जगातले सर्वांत प्रसिद्ध घराणे म्हणजे जर्मनीतील फाबर. न्युरेनबर्गजवळच्या श्टाइन गावी कास्पर फाबर या सुताराने १७६१ मध्ये पेन्सिली करावयास घेतल्या. त्याचा पणतू लोथार याने १८३९ मध्ये कारभार हाती घेतला आणि प्रत्येक पेन्सिलीवर घराण्याचे नाव उमटविले. पुढे नक्कल करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा १८७४ मध्ये त्याने थेट जर्मन संसदेकडे अर्ज करून व्यापारचिन्हांना कायद्याचे संरक्षण मागितले. पुढच्याच वर्षी तसा कायदा अमलात आला. लोथारच्या नातीचा १८९८ मध्ये कास्टेल घराण्यातील उमरावाशी विवाह झाला, तेव्हा दोन्ही आडनावे जोडून घेण्यात आली. फाबर-कास्टेल हे नाव तेथून आले.

दांडेकरांनी आपले आडनाव पेढीपुरते राखले. मालावर त्यांनी प्रथम घोडा आणि नंतर उंट बसविला. अक्षरओळख नसलेला गिऱ्हाईकही चित्र पाहून माल मागू शके, हे मुंबईच्या बाजारपेठेचे जुने शहाणपण त्यांनी नेमके हेरले होते.

साल होते १९३१. आदल्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला होता. १२ डिसेंबर १९३० रोजी गिरणी कामगार बाबू गेनू यांनी काळबादेवी परिसरात विदेशी कापडाच्या ट्रकसमोर प्राण दिले होते. विदेशी मालावरील बहिष्काराने तापलेल्या अशा मुंबईत काकासाहेब आणि त्यांचे बंधू गोविंद परशुराम तथा नानासाहेब यांनी गिरगावात दांडेकर आणि कंपनी स्थापन केली. पहिला माल होता घोडा छाप शाईची पूड आणि वड्या. यात मोठी सोय होती. बाटलीबंद शाई म्हणजे मुख्यतः काच आणि पाणी; तिची ने-आण महाग आणि फुटण्याचे भय वेगळे. पूड पुडीत मावते, गावोगाव जाते आणि दौतीत पाणी घालून कालवली की टाक बुडवायला शाई तयार.

खरी परीक्षा पुढे होती. टाक मागे पडून फाऊंटन पेन येऊ लागले होते आणि पेनाच्या शाईचे गणितच निराळे. हिरडा आणि हिराकस यांची पारंपरिक शाई कागदावर पक्की बसते खरी, पण तिचा गाळ पेनाच्या बारीक वाटा बुजवितो आणि तिच्यातील आम्ल पोलादी निबेला खाते. म्हणजे शाई पाण्यासारखी वाहती हवी, वर्षानुवर्षे बाटलीत राहूनही तळाशी साका बसता कामा नये आणि रंग तर गडद हवा. योगायोग असा, की अमेरिकेच्या पार्कर कंपनीने आपली क्विंक ही शाई बाजारात आणली ती याच १९३१ मध्ये. अशा प्रतिस्पर्ध्यांसमोर घोड्याच्या पुडीवर समाधान न मानता काकासाहेबांनी फाऊंटन पेनची शाई करावयास घेतली. स्वदेशीच्या भावनेपोटी ग्राहक एकदा बाटली घेईल. पेन तुंबले तर दुसऱ्यांदा घेणार नाही, हे उघड होते.

या शाईचे नाव कॅमल. इराण्याच्या हॉटेलात चहा घेत असताना काकासाहेबांची नजर उंटाचे चित्र असलेल्या सिगारेटच्या जाहिरातीवर गेली आणि तेथेच नाव ठरले, असे सांगितले जाते. पाण्याविना दूरवर चालणारा प्राणी आणि एकदा भरलेले पेन, हे साम्य कोणालाही पटावे. कॅमल आणि इंक या दोन शब्दांतून पुढे कॅम्लिन हे नाव घडले आणि १९४६ मध्ये कंपनी प्रायव्हेट लिमिटेड झाली.

त्यानंतर बॉलपेन आले. ज्या मालावर घर उभे राहिले त्याचीच मागणी ओसरू लागणे, हा कोणत्याही कारखानदाराच्या आयुष्यातील अवघड काळ. शाईवर विसंबलेल्या पेढीला येथे दुसरी वाट शोधणे भाग होते. दांडेकरांच्या दुसऱ्या पिढीने, विशेषतः काकासाहेबांचे पुत्र सुभाष दांडेकर यांनी, चित्रकलेच्या रंगांकडे मोर्चा वळविला. पाठोपाठ पेन्सिली आणि कंपास पेट्या आल्या. महाराष्ट्रातील किती पिढ्यांनी त्या पेटीतील कर्कटकाने बाकावर आपले नाव कोरले असेल, याची गणती करणे कठीण! शाईचा उंट आता रंगांच्या डबीवर जाऊन बसला.

फाबर घराण्याने कंपनी आजवर आपल्याकडेच राखली आहे. दांडेकरांचा मार्ग येथे वेगळा झाला. स्थापनेला ८० वर्षे झाली असताना, २०११ मध्ये, निम्म्याहून अधिक भागभांडवल जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेले. मराठी माणसाची कंपनी परक्यांच्या हाती गेल्याची हळहळ तेव्हा अनेकांनी व्यक्त केली, आणि ती अनाठायी नव्हती. सुभाष दांडेकर यांचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले. कंपनी आज कोकुयो कॅम्लिन या नावाने चालते. डबीवरचा उंट कायम आहे. या कोकुयोचीही सुरुवात अशीच लहान, ओसाकात १९०५ मध्ये हिशेबाच्या वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टणे करण्यापासून झाली. तिचे संस्थापक झेंतारो कुरोदा यांनीही मालाला आपले आडनाव दिले नाही. कोकुयो या शब्दाचा अर्थ आपल्या मूळ प्रांताची शान, असा आहे.