तूप, पारंब्या आणि प्लेगची लस : हाफकिन यांची मोजणी

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाताना कधी पायऱ्या मोजल्यात? कुणी २८३ सांगतं, कुणी ३०७. जागच्या न हलणाऱ्या दगडी पायऱ्यांचा आकडा जुळत नाही, तर एकाचे दोन, दोनाचे चार होत जाणारे बॅक्टेरिया कसे मोजायचे? या प्रश्नाशी ज्यांचं आयुष्य जोडलं गेलं ते वाल्देमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला नाव त्यांचंच.

१८६० साली ओडेसात जन्म, मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम. तिथे १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि आधी स्वतःलाच टोचली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा सरकारने त्यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना छोटीशी जागा मिळाली आणि काम सुरू झालं.

तुपाखालच्या पारंब्या

प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे होते. हाफकिन यांनी मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू तुपाला धरून खाली वाढत गेले, अगदी वडाच्या पारंब्यांसारखे. बाटली हलवली की पारंब्या तुटून तळाशी जायच्या आणि वर नवीन यायच्या. काही आठवड्यांनी हे कल्चर तापवून जंतू मारायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लसीचे १० मिलीलीटर स्वतःला टोचून घेतले. ताप चढला, पण ते बचावले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. पुढे लोणावळा आणि खडकीलाही टोचलेले आणि न टोचलेले लोक वेगवेगळे मोजले. टोचलेल्यांत प्लेग कमी दिसला.

पण डोसमध्ये जंतू किती?

माणसं मोजता आली, जंतूंचं काय? आजच्या लॅबमधली नेहमीची पद्धत अशी : १ मिलीलीटर कल्चर ९ मिलीलीटर निर्जंतुक द्रवात मिसळायचं. हे सहा वेळा केलं की मूळ कल्चर दहा लाख पट पातळ होतं. त्यातलं ०.१ मिलीलीटर प्लेटवर पसरायचं. समजा १५० ठिपके, म्हणजे कॉलनी, उगवल्या. १५० गुणिले १० गुणिले दहा लाख, म्हणजे मूळ कल्चरच्या एका मिलीलीटरमध्ये १५० कोटी.

सोपं वाटतं, पण इथे दोन अडचणी आहेत. जंतू एकमेकांना चिकटले असतील तर अख्ख्या गुठळीची एकच कॉलनी उगवते आणि आकडा कमी येतो. पारंब्यांसारखे वाढणारे जंतू तर चिकटणारच. दुसरं म्हणजे, मेलेला जंतू कॉलनी बनवत नाही आणि हाफकिन यांच्या लसीत सगळे मेलेलेच होते. म्हणून टोचल्यावर ताप किती चढतो, यावरून ते डोसचा जोर ठरवत. १९०२ मध्ये लंडनच्या आल्मरॉथ राइट यांनी युक्ती काढली : जंतूंचा द्रव आणि रक्त सारख्या प्रमाणात मिसळायचं आणि मायक्रोस्कोपखाली दर तांबड्या पेशीमागे किती जंतू दिसतात ते बघायचं. रक्तातल्या पेशींची संख्या आधीच मोजलेली, त्यामुळे जंतूंचा आकडा निघतो. मेलेलेही मोजले जातात.

शून्य म्हणजे खरंच शून्य?

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतले. त्या दिवशी उघडलेल्या बाकी चार बाटल्यांतून कुणालाही त्रास झाला नाही. तरी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं.

धनुर्वाताच्या जंतूला हवा चालत नाही. उघड्या हवेतल्या साध्या प्लेटवर तो उगवतच नाही. म्हणजे प्लेट कोरी राहिली, तरी बाटली शुद्ध आहे असं म्हणता येत नाही. शिवाय तपासणीत आणखी एक गोष्ट होती : बाटली उघडायचा चिमटा आधी जमिनीवर पडला होता. प्रयोगशाळेत बाटली शुद्ध असली, तरी गावात ती बिघडू शकत होती.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. कामाला जागा मिळाली ती कलकत्त्यात. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि १९३० मध्ये ते लोझानमध्ये वारले.

पुढच्या वेळी लॅबच्या रिपोर्टवर जंतू आढळले नाहीत असं वाचाल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा : शोधले कोणते, आणि कुठल्या पद्धतीने?