सुब्बाराव यांचे औषध कोंबड्यांच्या खाद्यात

यल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ मध्ये भीमवरमला जन्मले. मद्रासला वैद्यक शिकून ते अमेरिकेला गेले. हत्तीरोगाची जी गोळी सरकार आजही घरोघर वाटते, ती लेडर्ले कंपनीतील त्यांच्याच चमूची. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही तिथलेच. ते १९४८ मध्ये जाहीर झाले. त्याच ऑगस्टमध्ये, ५३व्या वर्षी, सुब्बाराव वारले.

पुढचे त्यांनी पाहिले नाही. ब-१२ जीवनसत्त्वासाठी कंपनीत औषधनिर्मितीचा उरलेला चोथा कोंबड्यांना घातला. पिल्ले भराभर वाढली, कारण चोथ्यात औषधाचा अंश होता. मग निरोगी जनावरांनाही ते रोज थोडे थोडे मिळू लागले. एवढ्याशा मात्रेत चिवट जिवाणू तगतात. मांस, शेणखत, पाण्यातून माणसांत येतात. आम्ही अतिदक्षता विभागात अगदी शेवटी वापरतो ते कोलिस्टिनही कोंबड्यांच्या खाद्यात होते. भारताने त्यावर बंदी घातली २०१९ मध्ये.