सात नाणी, मिठाचं पाणी आणि एक मेणबत्ती : पुस्तकं बांधणाऱ्या पोराने जगाला घरगुती विज्ञान शिकवलं

पंख्याचं बटण दाबलं की पंखा फिरतो. मोबाइल चार्जिंगला लावला की चार्ज होतो. यामागे ज्या माणसाची डोकेबाज कामगिरी आहे, तो शाळेत फारसा गेलाच नव्हता. गणित तर आयुष्यभर त्याच्या आवाक्याबाहेर राहिलं. पण घरातल्या साध्या वस्तू घेऊन प्रयोग कसे करायचे आणि ते लहान मुलांना कसे दाखवायचे, यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी झाला नाही.

त्याचं नाव मायकल फॅरेडे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथे मायकलचा जन्म झाला. वडील लोहार, त्यात त्यांची तब्येत कायम नरम. घरात चार मुलं आणि कमाई तुटपुंजी. लिहिता-वाचता येण्यापुरतं शिक्षण झालं आणि तेराव्या वर्षी मायकल जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी तिथेच बुकबाइंडिंग शिकायला राहिला. करार होता सात वर्षांचा.

आता बाकीची पोरं पुस्तकं बांधायची आणि बाजूला ठेवायची. मायकल ती वाचायचा. बांधणीसाठी आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात त्याला विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट या लेखिकेचं रसायनशास्त्र समजावणारं पुस्तक हाती लागलं. पण वाचलेलं खरं आहे की नाही, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडेना.

खिशात पैसे नव्हते. मग त्याने १८१२ साली एक जुगाड केला. जस्ताच्या पत्र्यातून तांब्याच्या हाफपेनी नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. एक चकती, तिच्यावर एक नाणं, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, अशी चवड रचली. झाली बॅटरी तयार! एवढ्याशा विजेवर त्याने एका क्षाराच्या द्रावणाचं विघटनही करून दाखवलं.

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. वक्ते होते हम्फ्री डेव्ही, त्या काळातले सर्वात गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकलने चार व्याख्यानं ऐकली, सविस्तर टिपणं काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्याचं पुस्तक बांधलं आणि ते थेट डेव्हींना पाठवून दिलं.

मार्च १८१३ मध्ये त्याला डेव्हींच्या प्रयोगशाळेत मदतनीसाची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग. शिवाय इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायची सोय आणि कोळसा, मेणबत्त्या फुकट.

यातली मेणबत्ती लक्षात ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

प्रयोगशाळेत मोठी साधनं असूनही फॅरेडे यांची सवय बदलली नाही. १८२४ साली त्यांना हायड्रोजन वायूवर प्रयोग करायचे होते. त्यांनी रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कडा दाबून चिकटवल्या आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ भुरभुरलं. वाढदिवसाला आपण जो फुगा लावतो, त्याचा हा पूर्वज. १८३१ साली त्यांनी कागदाच्या पोकळ नळीवर तांब्याची तार गुंडाळली आणि आत लोहचुंबक सरकवला. चुंबक हलला की तारेत वीज वाहायची, थांबला की बंद! आजही धरणावरचं जनित्र याच तत्त्वावर चालतं.

समीकरणं मांडता येत नसल्याने त्यांनी कागदावर लोखंडाचा कीस पसरला, खाली चुंबक धरला आणि चुंबकाच्या बलरेषा डोळ्यांना दिसतील अशा दाखवल्या. या कल्पनेला गणिताचं रूप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दिलं.

१८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड पसरलं होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल हलायचं आणि सगळे म्हणायचे, हे आत्म्यांचं काम. फॅरेडे यांनी फळ्यांमध्ये छोटे रूळ ठेवले आणि गवताच्या काडीचा काटा जोडला. टेबलाआधी माणसांचे हातच नकळत ढकलतात, हे त्या काडीने उघडं पाडलं.

दर नाताळच्या सुट्टीत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी व्याख्यानं व्हायची. १८२५ साली सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडे यांनी अशा तब्बल १९ व्याख्यानमाला दिल्या. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. पण समोर बसलेल्या मुलांना त्यांनी कधी कमी लेखलं नाही.

१८६० चा नाताळ आला तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. वीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या आजारपणापासून त्यांची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. वाचलेलं, केलेलं विसरायला व्हायचं. अशा अवस्थेत त्यांनी मुलांसाठी विषय निवडला, मेणबत्ती. सहा व्याख्यानं, फक्त एका मेणबत्तीवर!

त्यातले काही प्रयोग घरीही करता येतात. मोठ्या माणसाने सोबत बसायचं, एवढी अट पाळा.

• मेणबत्ती विझवा. वातीतून पांढरा धूर निघेल. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराला लावा. ज्योत धुरावरून उतरून वात परत पेटवते. कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ. जळते ती वाफच.

• थंड वाटी ज्योतीच्या वर धरा. वाटीला बाहेरून पाण्याचे बारीक थेंब दिसतील. आगीतून पाणी! मेणातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते तयार होतं.

• चुन्याच्या निवळीत स्ट्रॉने हळू फुंका (ओढायचं नाही). निवळी दुधाळ होते. मेणबत्तीतून निघालेला वायूही तेच करतो. तो कार्बन डायऑक्साइड.

इथे फॅरेडे मुलांना शेवटच्या मुद्द्यावर आणायचे. मेणबत्ती ऑक्सिजन घेते, उष्णता देते, कार्बन डायऑक्साइड सोडते. आपलं शरीरही हेच करतं. म्हणजे प्रत्येक मुलाच्या आत संथपणे जळणारी एक ज्योत आहे.

ही त्यांची मुलांसाठीची अखेरची व्याख्यानमाला ठरली. १८६१ मध्ये विल्यम क्रुक्स यांनी तिचं पुस्तक केलं. फॅरेडे यांनी सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले.

पण पुस्तक फिरत राहिलं. जपानमध्ये अकिरा योशिनो नावाच्या एका शाळकरी मुलाला शिक्षिकेने ते वाचायला सुचवलं. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या तिघांपैकी एक हेच योशिनो.

तशीच बॅटरी आज तुमच्या मोबाइलमध्ये आहे. पुढच्या वेळी लाइट गेली आणि मेणबत्ती लावली, की ती विझवताना पोरांना जवळ बोलवा. धूर पेटवून दाखवायला एक काडी पुरते.